रद्दीचा कागद, हाताचं मोल

लग्नसराई संपली की आपल्या प्रत्येकीच्या घरी एक गठ्ठा उरतो. लग्नपत्रिकांचा! फ्रिजवर, टीव्हीच्या मागे, देवघराच्या खालच्या कप्प्यात. टाकवत नाहीत, कारण वर गणपती असतो. आणि ठेवून काही उपयोग नाही, कारण तारीख कधीच उलटून गेलेली असते. त्यात मुलांच्या अर्ध्या कोऱ्या वह्या, चाचणी परीक्षेचे पेपर, जुनी बिलं यांची भर. मग एके दिवशी रद्दीवाला येतो, सगळं काट्यावर टाकतो आणि किलोच्या भावानं घेऊन जातो.

आमच्या गटातल्या आम्ही दहा जणी गेली काही वर्षं ही रद्दी विकत नाही. तिचा घरीच पुन्हा कागद करतो, त्यावर हातानं कोरलेले ठसे उमटवतो आणि त्यातून आहेराची पाकिटं, भेटकार्डं, संक्रांतीच्या वाणासाठी छोट्या वह्या तयार करतो. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली असं बरंच तुम्ही वाचलेलं असेल. पण मैत्रिणींनो, मी नुसती कृती सांगून थांबणार नाही. शेवटी हिशेबही सांगणार आहे, कारण आमची खरी शिकवणी तिथेच झाली.

जुनी आणि आपल्या मातीतली कला

हातानं कागद करणं म्हणजे काहीतरी परदेशी फॅड आहे, असं कुणाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्यानंतर कागद करणारे कारागीर तिथे वसले असं सांगतात. पेशवाईच्या काळात जुन्नरच्या कागदाचं नाव होतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या एका भागाला कागदीपुरा म्हणतात, तेही याच धंद्यामुळे.

तेव्हाचा कागद चिंध्या, जुने दोर, गोणपाट यांतूनच व्हायचा. ते कुजवायचं, कुटायचं, पाण्यात कालवून त्याचे ताव उचलायचे, खळ लावायची आणि दगडानं किंवा शिंपल्यानं घोटून गुळगुळीत करायचं. म्हणजे टाकाऊतून टिकाऊ ही काही आजची कल्पना नाही. पुढे गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याला मगनवाडीत त्याचं काम चाले, आणि त्यांनी हाती घेतलेल्या उद्योगांत हातकागदही होता. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की जिथे जिथे हा कागद झाला, तिथे तो धंदा म्हणून झाला. त्याला भाव होता, मजुरी होती. तेच काम बायकांनी दुपारी घरात बसून केलं की मात्र त्याला ‘हौस’ म्हणतात. ते कसं, ते पुढे सांगतेच.

कागद कसा करायचा?

आधी रद्दी निवडा, तांदूळ निवडतो तशी. वहीची पानं, झेरॉक्सचे कागद, साध्या जाड पत्रिका उत्तम. चकचकीत प्लास्टिक चढवलेल्या, मखमली किंवा सोनेरी वर्खाच्या पत्रिका भिजतच नाहीत, त्या बाजूला ठेवा. पिना आणि दोरे काढा. वर्तमानपत्र चालतं, पण त्याचा कागद करडा आणि कमजोर होतो. कागद जितक्या वेळा दळला जातो तितका त्यातला धागा आखूड होत जातो, म्हणून नुसत्या वर्तमानपत्रात वहीची निम्मी पानं मिसळावीत.

आता प्रश्न गणपतीचा. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “देवाला मिक्सरमध्ये घालायचं नाही हं, सांगून ठेवते.” बरोबरच होतं त्यांचं. मग आम्ही पत्रिकांवरचे सगळे गणपती कात्रीनं नीट कापून एका डब्यात ठेवले. त्या डब्याचा पुढे फार छान उपयोग झाला.

कागदाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी मूठभर तुकडे आणि भांडंभर पाणी असं घेऊन मिक्सरमधून काढा. पाणी सढळ हातानं घ्या, नाहीतर मोटर जळेल. आणि यासाठी मिक्सरचं जुनं भांडं वेगळंच ठेवा, चटणीच्या भांड्यात हा उद्योग नको. पातळ ताकासारखा लगदा झाला पाहिजे.

एकाच मापाच्या दोन लाकडी चौकटी लागतात. जुन्या फोटोच्या फ्रेमही चालतात. एकीवर डासांची नायलॉनची जाळी ताणून चुका ठोकायच्या. दुसरी मोकळी चौकट तिच्यावर ठेवायची, म्हणजे कडा सरळ येतात. पसरट टबात निम्मं पाणी आणि लगदा घालून हातानं ढवळायचं, चौकट उभी आत घालून आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. वर आल्यावर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलकेच हलवायचं, सुपात धान्य पसरतो तसं. पाणी निथळलं की वरची चौकट काढून जाळी जुन्या सुती धोतरावर किंवा साडीच्या तुकड्यावर उलटी टाकायची. मागून स्पंजनं पाणी टिपून घेतलं की ताव कापडाला चिकटतो आणि जाळी सुटून येते.

असे दहा-बारा ताव, मध्ये कापड घालत, एकावर एक रचायचे आणि वर फळी ठेवून पाटा-वरवंटा चढवायचा. तासाभरानं प्रत्येक ताव कापडासकट सावलीत वाळवायचा. कडक उन्हात कडा वळतात. काचेवर किंवा कडप्प्यावर चिकटवून वाळवला तर एक बाजू छान गुळगुळीत होते. वाळल्यावर वर कापड ठेवून इस्त्री फिरवायची. एक किलो रद्दीत आमचे वहीच्या मोठ्या पानाएवढे साठ-सत्तर ताव होतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, टबातलं पाणी मोरीत ओतू नका. लगदा आत बसला की पाइप तुंबतो. ते फडक्यातून गाळून झाडांना घाला आणि उरलेल्या लगद्याचे लाडू करून वाळवून ठेवा. पुढच्या वेळी भिजवले की चालतात. दुसरं, नुसत्या लगद्याच्या कागदावर शाई फुटते. म्हणून टबात वाटीभर तांदळाची पेज किंवा साबुदाण्याची पातळ खळ घाला. खळीच्या कागदाला पावसाळ्यात कसर लागते, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतच करावं आणि ताव नीट कोरडे झाल्यावरच डब्यात भरावेत.

ठसे घरातलेच

ठशांसाठी बाजारात जायची गरज नाही. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. अर्धा कांदा कापला की वर्तुळात वर्तुळं. कोबीचा गड्डा उभा कापला तर झाडच उमटतं. बटाट्यावर सुरीनं हवी ती नक्षी कोरता येते. मात्र भाजीचे ठसे त्या दिवसापुरते, आणि कापल्यावर अर्धा तास फडक्यावर पालथे ठेवून पाणी निथळू द्यायचं.

टिकाऊ ठसा हवा असेल तर जुनी हवाई चप्पल शोधा! तिचा रबरी तळवा ब्लेडनं सुरेख कापला जातो. कोयऱ्या, पानं, तुळशीवृंदावन, शंख असं काहीही कापून लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवायचं. सायकलची जुनी ट्यूबही तशीच वापरता येते. बारीक काम असेल तर खोडरबर. आणि ठोकळ्याभोवती सुतळी आडवीतिडवी गुंडाळली तरी सुंदर पट्टा उमटतो.

अक्षरांचा ठसा करताना अक्षर उलटं कोरावं लागतं, तरच ते सुलटं उमटतं. त्याची युक्ती अशी. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं ‘शुभ विवाह’ असं सरळ लिहा. कागद पालथा करून रबरावर ठेवा आणि पाठीमागून नखानं घासा. पेन्सिलीची रेघ उलटी होऊन रबरावर उतरते. आता तिच्या बाजूचं रबर कोरून काढा. डोक्याला ताण नाही.

शाईची गंमत

शाईत मात्र घरगुती आणि विकतची असा विचार करावा लागतो. हळदीचा पिवळा रंग सुरेख येतो, त्यात किंचित चुना घातला की लाल होतो. कुंकू पूर्वी असंच तर करत. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळल्या की जांभळट निळा रंग येतो, त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो. शाळेत मुलांना हे दाखवलं तर मुलं हलत नाहीत जागची! पण हळद उन्हात उडते आणि बीट काही दिवसांत तपकिरी पडतं. म्हणून असे रंग घरच्या कार्डापुरते ठेवावेत, विकायच्या वस्तूवर नकोत.

टिकणारी घरची शाई म्हणजे काळी. लोखंडाच्या जुन्या, स्वयंपाकातून बाद झालेल्या कढईत हिरड्याची पूड पाण्यात उकळायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. हिरडा आणि लोखंड यांचा संयोग होऊन पाणी काळंभोर होतं. गाळून त्यात बाभळीचा डिंक विरघळवला की शाई तयार. दिव्याची काजळी आणि डिंक यांची शाईही पूर्वी पोथ्या लिहायला वापरत.

विक्रीच्या मालासाठी आम्ही कापडावर वापरतात ते रंग घेतो. डब्याच्या झाकणात पातळ स्पंज ठेवायचा, वर सुती कापड, त्यावर रंग पसरायचा. झालं पॅड. ठसा पॅडवर दाबायचा नाही, हलकेच टेकवायचा. कागदाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली की ठसा पूर्ण उमटतो. ऑफिसातली जांभळी शिक्क्याची शाई घेऊ नका. पाण्याचा थेंब पडला की ती पसरते.

पत्रिकेचं पाकीट

आमच्या भागात सगळ्यात जास्त खपतं ते आहेराचं पाकीट. त्याचा साचा काढायला शिकवणीची गरज नाही. एखादं तयार पाकीट वाफेवर धरून उकला आणि पुठ्ठ्यावर ठेवून कापा. हातकागद जाड असल्यामुळे नुसता दुमडला तर घडीवर तडकतो. म्हणून आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ ओढायची आणि मग दुमडायचा. कडा मैद्याच्या खळीनं चिकटवायच्या. जुने बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं. मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूंना ते नको.

मग वर ठसा, कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं आणि मधोमध डब्यातला गणपती! कुणाच्या तरी पत्रिकेवरचा गणपती पुढच्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर जाऊन बसतो. मावशी तर एकदम खूश. “आता कसं, देव रद्दीत गेला नाही आणि मंडपातही पोचला,” म्हणाल्या.

आणि आता हिशेब

पहिली शंभर पाकिटं झाली तेव्हा आम्ही ती बाजारपेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात दाखवायला घेऊन गेलो. दुकानदारांनी उलटीपालटी करून पाहिली, कौतुक केलं आणि म्हणाले, “सहा रुपयांनी देऊन टाका वहिनी. कागद तर रद्दीचाच आहे आणि तुमचा दुपारचा वेळही जातो.”

आमच्यातल्या निम्म्याजणी हो म्हणायला तयार होत्या. “सहाशे रुपये म्हणजे काही थोडे नाहीत” असंच त्यांना वाटत होतं. तेव्हा आमच्यातली एक, जी सीझनला खुरपणीला जाते, ती एकदम म्हणाली, “खुरप्याला हात लावला की मजुरी आणि ठशाला लावला की टाइमपास, असं कसं काय?”

त्यावर कुणालाच उत्तर सुचेना. पाकिटं परत घेऊन आलो आणि त्याच दुपारी वही काढली. शंभर पाकिटांना किती वेळ लागला ते आठवून लिहिलं.

रद्दी निवडणं, फाडणं, दळणं अडीच तास. ताव उचलणं साडेतीन तास. वाळवणं, सोडवणं, इस्त्री तीन तास. कापणं, दुमडणं, चिकटवणं पाच तास. ठसे उमटवणं पाच तास. नाणी, गणपती लावणं आणि गड्ड्या बांधणं एक तास. एकूण २० तास.

रंग, डिंक, वीज, प्लास्टिकच्या पिशव्या यांचे १५० रुपये आणि वरच्या नाण्यांचे १००. म्हणजे सामानाचे २५० रुपये. दुकानदारांच्या सहाशेतून ते वजा केले तर उरले ३५०. वीस तासांनी भागले, तर तासाला साडेसतरा रुपये!

आमच्याकडे खुरपणीला गेलेल्या बाईला सहा तासांचे ३०० रुपये मिळतात, म्हणजे तासाला ५०. आम्ही तोच दर धरला. वीस तासांची मजुरी १००० रुपये, सामान २५०, मिळून १२५०. एका पाकिटाला साडेबारा रुपये नुसता खर्चच आला. खराब होणारा माल आणि गटाची शिल्लक यासाठी अडीच रुपये धरले आणि किंमत ठरवली पंधरा.

पंधरा म्हटल्यावर दुकानदारांनी नाही म्हटलं. छापील पाकिटं त्याहून कितीतरी स्वस्त मिळतात, त्यांचंही चुकलं नाही. मग आम्ही दुकानाचा नाद सोडला. हळदीकुंकवाला नमुने नेले, शाळेच्या स्नेहसंमेलनात टेबल मांडलं. पहिल्या शंभरातली साठ गेली, चाळीस उरली. पण ज्यांनी नेली त्यांच्या घरच्या कार्यात ती दहा जणांनी पाहिली आणि हळूहळू सांगून करून घेणारे येऊ लागले. वधूवरांच्या नावाचा ठसा कोरून हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे घेतो. संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा आमच्या छोट्या वह्या नेणाऱ्या बायकाही आता आहेत.

उगाच मोठी स्वप्नं दाखवत नाही. यावर कुणाचं घर चालत नाही. लग्नसराईत महिन्याला चारशे-पाचशे पाकिटं जातात आणि जिच्या नावावर जितके तास, त्याप्रमाणे कुणाला दोनशे, कुणाला हजार रुपये मिळतात. बाकीच्या महिन्यांत त्याहून कमीच. पण प्रत्येकीचे तास वहीत लिहिलेले असतात, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. त्या वहीनं आमच्यात बरंच काही बदललं. पूर्वी घरी कुणी “दुपारभर काय करत होतीस?” असं विचारलं की उत्तर असायचं, “काही नाही, बसले होते.” आता आमच्यातली एकजण सरळ सांगते, “तीन तास काम केलं.”

सगळ्यात अवघड गेलं ते ओळखीच्यांकडून पैसे घेणं. “आपल्याच माणसांकडून काय घ्यायचे?” हा प्रश्न प्रत्येकीला पडला. नणंदेच्या मुलीचं लग्न, शेजारणीच्या नातवाचं बारसं, नाही कसं म्हणणार? त्यावर आम्ही एक नियम केला. भेट द्यायची तर खुशाल द्यावी, प्रेमानं द्यावी. पण वहीत त्या पाकिटांची पूर्ण किंमत लिहायची आणि पुढे ‘भेट’ असं लिहायचं. म्हणजे आपण काय दिलं ते निदान आपल्याला तरी कळतं. फुकट गेलं आणि भेट दिलं, यांत फरक आहे ना!

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तो पत्रिकांचा गठ्ठा बाहेर काढा. गणपती कापून डब्यात ठेवा, बाकीचं भिजत घाला. दोघी-तिघी जमलात तर ताव उचलण्यातही मजा येते. नवा ठसा पहिल्यांदा कागदावर उमटतो तेव्हा लहान मुलीसारखा आनंद होतो, तो तर कुठेच गेला नाही. फक्त टबाशेजारी एक वही आणि पेनही ठेवा. हात ओले करण्याआधी घड्याळात पाहा आणि वेळ लिहा.